दुसरं बाथरूम

रोझीचं घर माझ्या घरापेक्षा तेहेतीस हजार तीनशे डॉलरनं महाग आहे, हे मला मंगळवारी सकाळी बटाटे सोलता सोलता कळलं. फोन सिंकच्या कडेला साबणाच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. त्या साइटवरून दर महिन्याला एक पत्र येतं: बर्नडीन, तुमच्या घराची आजची अंदाजे किंमत इतकी, मागच्या महिन्यापेक्षा इतकी वर किंवा इतकी खाली. मी ते उघडते, वाचते आणि पुसून टाकते. घर मला विकायचं नाही, पण समोर वजनकाटा दिसला की माणूस चढतोच. त्या दिवशी पत्राच्या तळाशी एक नवीन पट्टी आली होती, शेजारच्या घरांची, आणि तीत पहिलंच घर रोझीचं होतं. फोटो केव्हातरी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून काढलेला, कारण त्यात तिच्या नवऱ्याची, वॉल्टची, निळी गाडी अजून दारात उभी होती, आणि वॉल्टला जाऊन चार वर्षं झाली. त्या फोटोखाली दोन लाख एकतीस हजार सातशे. माझं एक लाख अठ्ठ्याण्णव हजार चारशे. मी सोललेला बटाटा कचऱ्यात टाकला आणि साल पातेल्यात, आणि पाणी उकळेपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही.

रोझी, म्हणजे रोझली, माझी थोरली बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि गेली त्रेचाळीस वर्षं माझी शेजारीण. आमची दोन्ही घरं एकाच माणसानं एकाच उन्हाळ्यात, एकाच नकाशावरून बांधलेली. फक्त दुसऱ्याच्या वेळी त्यानं कागद उलटा धरला. माझ्या दारातून शिरलं की बैठकीची खोली डावीकडे, तिच्या दारातून उजवीकडे. माझं स्वयंपाकघर पूर्वेला, तिचं पश्चिमेला, त्यामुळे दोन्ही सिंका समोरासमोर, मधे फक्त गाडी आत घेण्याची पट्टी. विटा त्याच, छप्पर तेच, तीन बेडरूम, एक बाथरूम, खाली सिमेंटचं उघडं तळघर. फरक एवढाच की सकाळी सूर्य तिच्या घरामागून येतो आणि दहा वाजेपर्यंत तिच्या भिंतीची सावली माझ्या सिंकमध्ये पडलेली असते. एवढ्या वर्षांत मी हे कुणाजवळ बोलले नाही. सावलीची तक्रार कुणाकडे करणार? पण रोज सकाळी भांडी घासताना हात थंड पडले की मला ती आठवतेच.

हे दुखणं कोणत्या जातीचं असतं ते मला ठाऊक आहे, उगाच दुसरं नाव द्यायला मी जात नाही. मला रोझीबद्दल पोटात दुखतं. ती वाईट असती तर सोपं झालं असतं. मला ताप आला की सूप घेऊन येणारी, मी न मागता माझ्या दारातला बर्फ नवऱ्याला काढायला लावणारी बाई ती, आणि तिनं बर्फ काढायला लावलं की मला वाटायचं, हिच्याकडे बर्फ काढायला माणूस आहे. लेनी, माझा नवरा, एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये टेक्ससला कामाचं बघायला म्हणून गेला तो गेलाच. त्याच वसंतात वॉल्टनं रोझीसाठी पुढच्या बाजूला बाहेर झुकलेली तीन काचांची खिडकी बसवली, आणि मी माझ्या सिंकशी उभी राहून त्याची शिट्टी ऐकत असे. आई आजारी पडल्यावर तिला विचारलं, कुणाकडे राहशील? आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची खाट रोझीकडे गेली, आणि मी रोज संध्याकाळी पाहुणी होऊन स्वतःच्या आईला भेटायला जायची. आई तिथेच वारली. दोन्ही घरांना खोल्या तेवढ्याच होत्या.

आणि मी आयुष्यभर केलं काय, तर घरं मोजली. एकतीस वर्षं कौंटीच्या कर-आकारणी खात्यात, हातात फीत आणि पाटीवर अडकवलेली पिवळी कार्डं घेऊन, दर घरी जाऊन लांबी-रुंदी, विटा की लाकूड, चुलाणी किती, बाथरूम किती. त्यामुळे त्या साइटवर विश्वास ठेवणाऱ्या माणसांचं मला हसू येतं. यंत्राला घराचा वास येत नाही. मांजरांनी वाया घालवलेले गालिचे, पावसात तळघरात येणारी ओल, शेजारचा भुंकणारा कुत्रा, यातलं काहीच त्याला कळत नाही. त्यानं रोझीची तीन काचांची खिडकीही पाहिलेली नाही. ते ऐकीव बोलतं. कुठल्यातरी कार्डावर कुणीतरी लिहिलेलं वाचतं आणि वर बाजाराचं तिखटमीठ लावून छातीठोक आकडा सांगतं, आणि शेवटचे शंभर डॉलरसुद्धा असे सांगतं की ऐकणाऱ्याला वाटावं, यानं आत जाऊन पाहिलं असेल. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मंगळवार, बुधवार, दोन्ही दिवस तेहेतीस हजार तीनशे माझ्या छातीवर बसून होते. सारख्याच घराचा आकडा जास्त, याचा अर्थ मी एकच लावला: फरक घरात नाही, बायकांत आहे, आणि आता ते यंत्रालाही कळलं.

गुरुवारी रोझी कॉफीला आली, नेहमीसारखी बाजूच्या दारानं, न ठोकता. तिचा गुडघा वाईट झाला आहे. पायरी चढताना ती दाराच्या चौकटीला धरते आणि थोडी थांबते, आणि थांबली आहे हे कळू नये म्हणून काहीतरी बोलते. त्या दिवशी ती थांबून म्हणाली, डेनीसनं घर बघितलंय. डेनीस तिची मुलगी, टुसॉनला असते, तिकडे वाळवंटात, जिथं बर्फ नाही आणि गुडघे दुखत नाहीत. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर म्हाताऱ्या माणसांची वस्ती, एकमजली, पायरी एकही नाही, दोन लाख वीस हजाराला. हे सांगताना रोझीच्या चेहऱ्यावर मुलीसारखा आनंद आला होता आणि तो माझ्यापासून लपवायचा ती प्रयत्न करत होती. मला आधी कळलंच नाही की मला काय होतंय. मग कळलं. आईला तिनं घेतलं, ठीक. नवरा तिचा टिकला, तेही ठीक. आता तीच माझ्याकडून काढून घेतली जाणार होती, आणि घेणारी तिचीच मुलगी. मला मूल नाही. समोरच्या सिंकशी दुसरं कुणी उभं राहील, आणि रविवारी चर्चला जाताना गाडीत शेजारची जागा रिकामी. मी विचारलं, पैशाचं काय? रोझी म्हणाली, डेनीस म्हणते त्या साइटवर आकडा असतो, तो दोन लाख वीसच्या वर असला म्हणजे झालं, नसला तर कर्ज काढण्याचं माझं वय नाही. “मला त्यातलं कळत नाही बाई. तू कौंटीतली. तूच बघ आणि सांग मला.”

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. रोझीकडे ना संगणक ना ईमेल. मी माझ्याच पत्त्यावरून तिचं घर साइटवर ताब्यात घेतलं. साइटनं विचारलं, या घराचे मालक तुम्हीच का? रोझी म्हणाली, हो म्हण, मी बसलेय ना इथे. मी हो म्हटलं. तो हो दाबताना मला एक क्षण बरं वाटलं, ते कशामुळे हे मी तेव्हा तपासून पाहिलं नाही. रोझीनं आकडा लिफाफ्याच्या पाठीवर लिहून घेतला, दोनदा मोठ्यानं वाचला, आणि लिफाफा पर्समध्ये नीट ठेवून गेली. ती गेल्यावर मी पडद्यावर खाली सरकले. तिथे घराची माहिती होती, मालकाला दुरुस्त करता येईल अशी. बेडरूम तीन. तळघर: पूर्ण बांधलेलं. बाथरूम: दोन. दोन हा आकडा मी बराच वेळ पाहत राहिले. त्या घरात दुसरं बाथरूम नाही, हे या जगात माझ्याइतकं खात्रीनं कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते तिथं मी लिहिलं होतं.

एक्क्याण्णवचा सप्टेंबर. त्या वर्षी कौंटीची फेरमोजणी होती आणि आमची गल्ली दुसऱ्याच्या यादीत होती. आपल्या नातेवाइकांची घरं आपण मोजायची नाहीत असा नियम आहे. त्या माणसाचे दात दुखत होते, मी म्हटलं जा, तुझी चार घरं मी उरकते. रोझी, वॉल्ट आणि डेनीस तेव्हा तळ्यावर मासे धरायला गेले होते, लेबर डेच्या सुट्टीला जोडून आठवडाभर. आई गेल्याला दोन महिने झाले होते. मी स्वतःच्या बहिणीच्या दारावर ‘आम्ही येऊन गेलो’ अशी छापील चिठ्ठी अडकवली. मग फीत लावून बाहेरून मोजलं, आणि तळघराच्या छोट्या खिडकीशी गुडघे टेकून आत पाहिलं. आत सिमेंट, खोकी, आणि आईची चाकांची खुर्ची घडी करून भिंतीला लावलेली. तळ्यावर ते तिघं आता काय करत असतील हे मला स्पष्ट दिसत होतं. वॉल्ट शिट्टी वाजवत मासे साफ करत असणार. मी कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि लिहिलं, तळघर पूर्ण, बाथरूम दोन. घरी कुणी नसलं तर अंदाज करायची मुभा असते, पण मग आकड्यापुढे अंदाजाची खूण करायची असते. ती खूण मी केली नाही. रोझीच्या कराच्या बिलात वर्षाला तीनशे-सव्वातीनशे डॉलर वाढले असतील. बसू देत भरत, असं मी मनाशी म्हटलं, हेच शब्द, आणि पुढच्या घराकडे गेले.

मला वाटलं होतं, ती तक्रार करेल, कुणीतरी येऊन पाहील, खोडलं जाईल. काही झालं नाही. आणि कार्डावर एकदा चढलेली गोष्ट उतरत नाही. सहा वर्षांनी येणारा माणूस बाहेरून फीत लावतो आणि आतलं मागच्याच्या कार्डावरून उतरवून काढतो, तो माणूसही कधीकधी मीच असायची. पुढे कार्डं संगणकात गेली, संगणकातलं कुणीही मागेल त्याला मिळू लागलं, आणि तीस वर्षांपूर्वी मी गुडघ्यावर लिहिलेला दोन आता माझ्याच फोनवर येऊन मला सांगत होता की तुझ्या बहिणीचं घर तुझ्यापेक्षा भारी. मी हसले. मग हसू थांबलं, कारण मला उपाय सापडला होता, आणि तो इतका स्वच्छ होता की त्याला प्रामाणिकपणाही म्हणता आलं असतं. खोटं होतं ते काढायचं होतं. चूक सुधारायची होती. शुक्रवारी सकाळी, चर्चमधून आल्यावर, मी दोनचं एक केलं, ‘पूर्ण’ खोडून ‘उघडं’ केलं आणि बदल जपून ठेवला. हात अजिबात थरथरला नाही, हे मी मुद्दाम सांगते.

सोमवारी आकडा उतरला. एक लाख नव्याण्णव हजार शंभर. तरीही माझ्यापेक्षा सातशेनं जास्त, का ते देव जाणे. यंत्र कारण सांगत नाही. त्या सातशेनंही मला टोचलं, आता काय लपवायचं. मी रोझीकडे गेले आणि सांगितलं की बाजार पडलाय. रोझीनं पर्समधून लिफाफा काढला, जुना आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, चार दिवसांत इतका? मी म्हटलं, या साइटांचा काही भरवसा नसतो, आज एक, उद्या एक. हे तर खरंच होतं. तिनं लिफाफा परत पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, जाऊ दे, इथंच बरी मी, डेनीसला सांगते. मी तिच्या हातावर हात ठेवला. मला इतका आनंद झाला की तो तोंडावर दिसेल या भीतीनं मी उठून कपबश्या विसळायला लागले. तिच्या सिंकपाशी उभी राहिले की माझं घर समोर दिसतं, उन्हात, आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की बरं आहे घर माझं.

तिच्या स्वयंपाकघरात तळघराचं दार आहे, फ्रिजच्या शेजारी. माझ्याकडेही आहे, उलट्या बाजूला. माझं सताड उघडं असतं. तिचंही असायचं, आईच्या वेळी आम्ही सगळ्या उन्हाळ्यात खाली जाऊन बसायचो, थंड असतं म्हणून. मग एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात ते बंद झालं आणि त्यावर चर्चचं कॅलेंडर लागलं, आणि दर वर्षी नवं कॅलेंडर त्याच खिळ्यावर. मी कधी म्हटलं की खालून काही आणू का, तर वॉल्ट घाईनं उठायचा, नको, पसारा आहे. एकतीस वर्षं पसारा? मी त्या दारामागे काय काय कल्पिलं नाही. बिलियर्डचं टेबल, दारूचा कट्टा, हरणाच्या मांसानं भरलेले फ्रीझर, नातेवाइकांना बोलावून केलेल्या पार्ट्या ज्यांत मी नको. एकदा ईस्टरला डेनीस, तेव्हा शाळेत होती, त्या दारातून आली आणि मला पाहून दार लावून पाठीशी हात धरून उभी राहिली. त्या मुलीलाही शिकवून ठेवलं होतं. मला वाटलं, ज्या सुखात मला वाटा द्यायचा नाही ते सगळं हे लोक या दाराखाली ठेवतात. वर फक्त कॉफी.

पुढच्या रविवारी मी अक्रोडाचा रोल केला, आई करायची तसा, खसखशीचाही एक, आणि दोन्ही घेऊन रोझीकडे गेले. सण नव्हता. रोझीनं दोन्ही रोल ओट्यावर ठेवले, त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, खाली फडताळात मुरवलेल्या कोबीची बरणी आहे, जरा आण, माझा गुडघा. मी म्हटलं, खाली? तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि दार उघडलं. “जा गं. वॉल्ट गेला, तू निवृत्त झालीस. आता कौंटी कुणाला धरतेय?”

दिव्याचं बटण मी डावीकडे चाचपलं, ते उजवीकडे होतं. तिच्या घरात माझा हात नेहमीच चुकतो. पायऱ्यांना गालिचा होता. भिंतींना लाकडी फळ्या, तांबूस, कडेला वॉल्टनं स्वतः रंधलेली पट्टी, जमिनीवर हिरवा गालिचा. आईची खुर्ची अजून होती, उघडून खिडकीशी ठेवलेली, तिच्यावर गोधडी. बिलियर्डचं टेबल नव्हतं. कोपऱ्यात एक अरुंद दार. ते मी उघडलं. आत गुलाबी फरशी, उरल्यासुरल्या तुकड्यांची असावी कारण एका कोपऱ्यात पांढरी लागली होती, छोटं बेसिन, शॉवर, संडास. मी नळ सोडून पाहिला. पाणी आलं. पाणी येत असताना मी मोजायला लागले, सवय, पाच फूट बाय सात, आणि मग संडासाच्या टाकीच्या वर भिंतीवर लावलेली चौकट दिसली. काचेमागे कौंटीच्या कार्डाची झेरॉक्स होती. तळघर पूर्ण, बाथरूम दोन, खाली घराचा क्रमांक २७४७, आणि त्यातल्या दोन्ही सातांच्या पोटातून आडवी रेघ गेलेली. तशी रेघ आमच्या ऑफिसात दुसरं कुणी मारत नव्हतं. तातोनं, वडिलांना आम्ही त्यांच्या देशच्या शब्दानं तातोच म्हणायचो, ती मला पाचव्या वर्षी मांडीवर बसवून शिकवली होती. रोझी शाळेतला सात काढायची. तातोचा सात माझा एकटीचा, याचा मला केवढा तोरा होता. मी नळ बंद केला आणि आईच्या खुर्चीत जाऊन बसले. किती वेळ ते माहीत नाही. बरणी मात्र घेऊन वर आले.

रोझीनं रोल कापून ठेवला होता. मी बरणी ठेवली. ती म्हणाली बस, मी बसले. मग ती सांगायला लागली, काही विशेष नसल्यासारखी, मधेमधे चुरा बोटानं गोळा करत. बिल आलं तेव्हा वॉल्ट भडकला, म्हणाला तक्रार करू. ती कौंटीच्या खिडकीवर गेली, मी त्या दिवशी बाहेर मोजणीवर होते, आणि तिनं कार्डाची प्रत मागितली. सात पाहिले. तिथल्या बाकावर थोडी बसली आणि घरी आली. वॉल्टला म्हणाली, तक्रार नको, माणसं येतील, तपासतील, कटकट होईल. तेव्हा वॉल्ट म्हणाला, बाथरूमचा कर भरायचाच तर बाथरूम तरी वापरू, आणि शनिवारी जाऊन पाइप घेऊन आला. परवाना काढायचा तर परवान्याच्या कागदावर दिसलं असतं की ते आधी नव्हतंच. म्हणून परवाना नाही, म्हणून दार बंद. वॉल्टला वाटायचं, मेव्हणी कौंटीची आहे, नियमाची पक्की, कळलं तर कळवेल. “त्यानंच ती चौकट केली. म्हणायचा, कोण गाढव होतं ते एकदा भेटायला पाहिजे, बिअर पाजीन त्याला, त्याच्यामुळे माझं हे बांधून झालं. मी त्याला कधी सांगितलं नाही.”

मी विचारलं, तू तक्रार का नाही केलीस? रोझीनं चुरा तोंडात टाकला. “लेनी गेला होता तुझा. आई गेलेली. वर नोकरीही घालवायची का तुझी?” मग म्हणाली, आणि तुला दाखवलं असतं तर तुला कळलं असतं की मला कळलंय. मग आपण इथे कॉफी प्यालो असतो का?

मी बोलायला तोंड उघडलं, साइटबद्दल, सोमवारबद्दल, आणि तिनं हात वर करून मला थांबवलं. आपण आकडा काढला तेव्हापासून डेनीस बघते की रोज, ती म्हणाली. टुसॉनवरून. परवा तिथं दोन बाथरूम होती, आता एकच आहे, आई, कुणी काढलं, असं विचारत होती. मी तिला म्हटलं, काहीतरी बिघडलं असेल. रोझी माझ्याकडे बघत होती, रागानं नाही. राग असता तर मीही रागावून उत्तर देऊ शकले असते. “तेव्हा तू लिहिलंस म्हणून आम्ही बांधलं, बर्नी. आता तू खोडलंस. मग काय, पाडायचं?”

ती हसली म्हणून मी रडले. तिच्या टेबलाशी, तोंडात खसखस, अडुसष्टाव्या वर्षी. माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही, मागितली असेल. तिनं नॅपकिन पुढे सरकवला आणि म्हणाली, तू रोल फार गोड करतेस, आई इतकी साखर घालत नव्हती. मी पट्टी ओलांडून घरी आले, माझ्या दिव्याचं बटण डावीकडे सापडलं, आणि टेबलाशी बसले. साइटनं विचारलं, कोणती माहिती बदलायची? मला सगळ्यात आधी काय वाटलं ते सांगते, कारण बाकी सगळं सांगितलं आहे. मला वाटलं की एक असंच राहू द्यावं. कुणी काही बोलणार नव्हतं. रोझी पुन्हा कधी त्याचा उच्चारही करणार नव्हती, ती इथेच राहिली असती, रोज बाजूच्या दारानं न ठोकता आली असती, गुडघा धरत, पायरीवर थांबत, आणि मला सांभाळत, जशी एकतीस वर्षं दर वर्षी तीनशे डॉलर भरून सांभाळत होती. आणि टुसॉनला पायरी नव्हती. मी एकचे दोन केले. ‘उघडं’ खोडून ‘पूर्ण’ केलं. या वेळी ते खरं होतं, आणि हात थरथरत होता.

बुधवारी सकाळी आकडा आला, दोन लाख चौतीस हजार दोनशे. पूर्वीपेक्षाही वर, तेही का ते यंत्रालाच माहीत. मी सिंकशी उभी राहून रोझीला फोन केला. ती समोर तिच्या सिंकशी होती, तिनं तिथल्या तिथे फोन उचलला, आणि काचेतून मला दिसत होतं की तिचे ओठ आधी हलतात आणि आवाज मग येतो. मी आकडा सांगितला. तिनं लिफाफा शोधला, लिहून घेतला, दोनदा मोठ्यानं वाचला. मी म्हटलं, डेनीसला आजच कळव, ते घर दुसरं कुणी घेईल. ती बरं म्हणाली. मग तिनं विचारलं, “आणि तुझ्या घराचा किती गं?”

मी म्हटलं, बघितला नाही अजून.

समोरच्या खिडकीत रोझी माझ्याकडे बघून हसत होती. मी पडदा ओढला नाही. एक लाख शहाण्णव हजार आठशे, मी म्हणाले, खाली आलाय.

“थांब,” ती म्हणाली, “मी येते तिकडे.” आणि तिनं फोन ठेवला. सिंकमध्ये तिच्या भिंतीची सावली होती, नऊ वाजले होते, आणि मी पायरीवर तिची थांबण्याची चाहूल ऐकत उभी राहिले.